तो सगळ्यांच्याच पोटात असतो

भावाचा पहिला फोन आला तेव्हा मी सकाळच्या प्लेटा वाचत होते. सांगलीतल्या एका खाजगी लॅबमध्ये मी अठरा वर्षं काम करते. लघवी, स्टूल, पू, थुंकी, जे येईल ते उथळ बशीसारख्या प्लेटमध्ये पसरायचं, रात्रभर उबेच्या कपाटात ठेवायचं आणि सकाळी काय उगवलंय ते बघायचं, हे माझं काम. स्टूलच्या प्लेटवर बहुतेक वेळा एकच पीक दिसतं. गुलाबी, ओलसर, मोहरीएवढे ठिपके. ई. कोलाय. जन्मल्यानंतर चार-दोन दिवसांत तो माणसाच्या आतड्यात राहायला येतो आणि शेवटपर्यंत तिथंच असतो. त्यामुळे तो दिसला तर आम्ही त्याला मोजत नाही. दुसरं काही उगवलंय का बघतो, आणि नसलं तर लिहितो : ‘रोगजंतू आढळले नाहीत.’ हे वाक्य मी इतक्या वेळा टाइप केलंय की दोन अक्षरं दाबली तरी कॉम्प्युटर पुढचं आपोआप भरतो.

“आक्का, पोरीला कालपास्नं जुलाब लागल्यात,” भाऊ म्हणाला.

माझा धाकटा भाऊ जत तालुक्यात, पूर्वेकडच्या अंगाला, वस्तीवर राहतो. आमचं घर मेंढरांचं. वडील कळप घेऊन फिरायचे. भावानं फिरणं कमी केलं, थोडी ज्वारी करतो, चाळीसेक मेंढरं आहेत आणि घरच्या दुधापुरत्या तीन शेळ्या. त्या घरातली बारावीच्या पुढं शिकलेली मी पहिली. लॅबचा डिप्लोमा केला त्या दिवसापासून वस्तीवर कुणाला खोकला झाला तरी डॉक्टरच्या आधी मला फोन येतो. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, लय आवडायचं.

पोरगी म्हणजे त्याची धाकटी, साडेचार वर्षांची. मी विचारलं, पाण्यासारखे होतात का, उलटी आहे का. म्हटलं, “ओआरएसची पुडी आणून पाणी पाजत ऱ्हा. जेवढं जातंय तेवढं आत गेलं पायजे. थांबू नको.” एवढं सगळं बरोबर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत फोन. “आक्का, आता रगात पडतंय. निस्तं रगातच. पोटात कळा येत्यात, गडाबडा लोळतीया.”

“ताप हाय का?”

“न्हाई. आंग थंड हाय.”

रक्त आहे आणि ताप नाही. डिप्लोमाच्या पुस्तकात ही जोडी एका चौकटीत छापलेली होती, पानाच्या उजव्या बाजूला. ती चौकट मला नंतर डोळ्यांसमोर दिसायची तशी त्या दुपारी दिसली नाही. समोर नमुन्यांच्या डब्यांची रांग होती, एक रुग्ण खिडकीत येऊन रिपोर्टसाठी आवाज करत होता, आणि माझ्या डोक्यात एकच : रक्ताची आव, म्हणजे अँटिबायोटिक. मी म्हटलं, “एका सिरपचं नाव पाठवते, मेडिकलमधनं घे. दिवसातनं दोनदा दे.” त्यानं विचारलं, “डॉक्टरला दावू का?” मी म्हटलं, “दोन दिवस बघ, न्हाई थांबलं तर जा.”

मी नाव व्हॉट्सअॅपवर पाठवलं. त्याखाली निळ्या दोन खुणा लगेच आल्या. तो मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे. मी तो पुसलेला नाही.

पाचव्या दिवशी जुलाब थांबले. भावाचा आवाज मोकळा झाला होता. “आक्का, तुझ्या औशदानं गुण आला बघ. आज भाकरी खाल्ली चार घास.” मी त्या दिवशी घरी जाताना गुणगुणत गेले असेन.

सातव्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते. फोन भावजयीचा होता. ती मला कधी आपणहून फोन करत नाही, भावाकडून निरोप देते.

“वन्सं, पोरगी पांढरीफटक पडलीया. डोळं सुजल्यात. निजूनच हाय. आन्...” ती थांबली. “कालपास्नं मुतली न्हाई. चड्डी सुकीच हाय. मला वाटलं जुलाबानं आंगातलं पानी सरलंय, म्हून मी पाजतीया पाजतीया, पर आत गेल्यालं भाईरच येईना.”

माझ्या हातातली चपाती तशीच राहिली. ती चौकट आता दिसली. उजव्या बाजूची, तिच्या चारही रेघांसकट. रक्ताचे जुलाब थांबतात, घरचे सुटलो म्हणतात, आणि दोन-तीन दिवसांनी लहान मूल पांढरं पडतं आणि लघवी बंद होते.

“निघ,” मी म्हटलं. “आत्ता निघ. सरळ सांगलीला ये. मधी कुठं थांबू नको.”

“हे मेंढरं घिऊन गेल्यात.”

“ते येतील मागनं. तू निघ.”

वस्तीवर त्या वेळी पाण्याचा टँकर आलेला होता. भावजय पोरीला उचलून त्या टँकरच्या केबिनमध्येच बसली. ड्रायव्हरनं निम्मं पाणी टाकीत सोडलं, उरलेलं तसंच घेऊन गाडी जतला आणली आणि स्वतः हाका मारून त्यांना सांगलीच्या जीपमध्ये बसवलं. हे सगळं मला नंतर कळलं. मी तोवर बालरोगाच्या दवाखान्याच्या फाटकाशी उभी होते आणि दर दहा मिनिटांनी फोन लावत होते. वाटेतल्या कवठ्याच्या पुढं आलो, एवढंच एकदा कळलं. मग रेंज गेली.

जीप आली तेव्हा भावजय पुढच्या सीटवर पोरीला मांडीवर घेऊन बसलेली होती. पोरीचा चेहरा फुगलेला, कातडीचा रंग जुन्या मेणबत्तीसारखा. मला बघून तिनं डोळे उघडले.

“आत्ती, पानी,” ती म्हणाली.

आत नेलं. तिथल्या डॉक्टर बाई मला लॅबमुळे ओळखत होत्या; त्यांचे नमुने आमच्याकडेच येतात. त्यांनी पोरीचं पोट दाबून पाहिलं, पाय दाबून पाहिले, रक्त काढलं आणि नर्सला सांगितलं, “तोंडानं पाणी बंद. विचारल्याशिवाय थेंब द्यायचा नाही.”

भावजयीनं माझ्याकडे पाहिलं. “आवं वन्सं, तुमीच म्हनला हुता की पानी पाज म्हून.”

“तवा पाजायचं हुतं,” मी म्हटलं. “आता न्हाई.”

“का?”

मला तिला सांगायचं होतं की मूत्रपिंडं बंद पडलीत, पाणी बाहेर जायला वाट नाही, ते फुप्फुसात साठेल. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून मी एवढंच म्हटलं, “आता पानी बाधंल.” ज्या बाईचा निम्मा जन्म टँकरची वाट बघण्यात गेला तिला मी सांगत होते की लेकराला पाणी देणं धोक्याचं आहे.

पोरीचं रक्त माझ्याच लॅबमध्ये आलं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही मी. स्लाइडवर थेंब ओढला, रंगवला, वाळवला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. चांगल्या रक्तातल्या लाल पेशी गोल असतात, पोह्याच्या पापडासारख्या, मध्ये जरा फिक्या. इथं त्या फाटलेल्या होत्या. काही अर्ध्याच, काही टोकदार, काही शिंगं आल्यासारख्या. प्लेटलेट तर शोधाव्या लागत होत्या. मी स्लाइड एका भागावरून दुसऱ्या भागावर सरकवत गेले. तेच. पुन्हा तेच. अठरा वर्षांत अशी स्लाइड मी दोनदा पाहिली होती, आणि दोन्ही वेळा तिच्यावर फक्त एक क्रमांक लिहिलेला होता.

मी डॉक्टर बाईंकडे परत गेले आणि उभ्या उभ्याच सांगितलं, “मॅडम, मी अँटिबायोटिक दिलं होतं. फोनवरून. दुसऱ्या दिवशी.”

त्यांनी खुर्ची पुढे केली. मी बसले नाही.

“कुठलं?”

मी नाव सांगितलं.

त्या म्हणाल्या, “हे बघा, तुम्हाला माहीतच आहे. हा तोच ई. कोलाय, पण विष तयार करणाऱ्या जातीचा असावा. आतड्यातून ते विष रक्तात जातं, आणि लहान मुलांच्या मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्यांना चिकटतं. तिथं गुठळ्या होतात, लाल पेशी त्या गुठळ्यांत अडकून फाटतात. काही औषधांनी जंतू मरताना फुटतो आणि आतलं विष एकदम सुटतं, असं म्हणतात. सगळेच म्हणतात असं नाही. तुमच्या सिरपनं हे झालं असं मी म्हणणार नाही.” त्या थांबल्या. “नाही झालं, असंही मला म्हणता येणार नाही.”

“मग यावर औषध?”

“नाही. मूत्रपिंडं आपली आपण सुरू होईपर्यंत तिला धरून ठेवायचं. रक्त द्यायचं, पोटातून डायलिसिस करायचं. सुरू होतात बहुतेकांची.”

बहुतेकांची. मी रिपोर्टमध्ये असे शब्द वापरते तेव्हा ते कुणाच्या कानावर कसे पडत असतील याचा विचार केला नव्हता.

भाऊ संध्याकाळच्या आत पोचला, अंगाला मेंढरांचा वास, पायांत तीच धुळीची पायताणं. तोवर पोरीला लघवीची नळी आणि पिशवी लावली होती, आणि पोटात दुसरी नळी घातली होती. वरच्या पिशवीतलं पाणी पोटात सोडायचं, काही वेळ ठेवायचं, मग खालच्या पिशवीत काढून घ्यायचं. रक्तातली घाण त्या पाण्याबरोबर बाहेर येते. भाऊ खालच्या पिशवीकडे बघत राहिला. “हे मूत हाय का?” त्यानं विचारलं. मी नाही म्हटलं. त्यानं मान खाली घातली.

पोरीच्या गुदद्वारातून घेतलेला नमुना मी त्याच दिवशी प्लेटवर लावला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडला. गुलाबी. नेहमीसारखे, ओलसर, मोहरीएवढे. कुठल्याही माणसाचे असतात तसे. माझ्या सहकारी मुलीनं शेजारून बघितलं आणि सवयीनं म्हणाली, “नॉर्मलच आहे की ताई.”

मी तिच्यावर ओरडले. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

कारण तिचं चुकलं नव्हतं. त्या प्लेटवर त्या जातीचा ई. कोलाय आणि तुमच्या-माझ्या पोटातला ई. कोलाय यांत काडीचा फरक दिसत नाही. त्याच्या असंख्य जाती असतात. बहुतेक निरुपद्रवी. काही आतड्याच्या भिंतीला धरून बसतात आणि पटकीसारखे पाण्याचे जुलाब लावतात. परगावी गेल्यावर माणूस आजारी पडतो तो पुष्कळदा यांच्यामुळे. काही तान्ह्या मुलांच्या आतड्याला चिकटतात आणि त्यांना आठवडे-आठवडे वाळवत ठेवतात. आणि ही एक, जी रक्त काढते. बाहेरून सगळ्यांचं अंग सारखं. फरक आत, एखाद-दुसऱ्या जनुकाचा. आमच्यासारख्या लॅबमध्ये तो बघण्याची सोय नसते, कारण कुणी मागत नाही. मी ज्यांना ज्यांना ‘रोगजंतू आढळले नाहीत’ लिहून दिलं, त्यांतल्या किती जणांच्या प्लेटवर तो गुलाबी रंगात माझ्याकडे बघत बसलेला होता, देव जाणे.

डिप्लोमाला माझ्याबरोबर असलेली एक मैत्रीण मिरजेला एका मोठ्या लॅबमध्ये आहे. मी प्लेट थर्मासच्या डब्यात घालून तिच्याकडे गेले. त्यांच्याकडे वेगळ्या साखरेची प्लेट मिळते. साधा ई. कोलाय ती साखर खातो आणि गुलाबी होतो. रक्त काढणाऱ्यांतली सगळ्यांत कुप्रसिद्ध जात ती खात नाही आणि बिनरंगी राहते. दुसऱ्या दिवशी तिनं फोन केला, “ये.”

गुलाबी ठिपक्यांच्या गर्दीत सात-आठ फिके ठिपके होते. पाण्यात भिजलेल्या साबुदाण्यासारखे. मैत्रिणीनं त्यातला एक उचलून काचेवर तपासणीच्या द्रवात मिसळला. द्रव हळूहळू फाटला, दह्यासारखा. म्हणजे तीच जात. विषाचं जनुक तपासायला नमुना पुण्याला पाठवला.

मला वाटत होतं की सापडला की काहीतरी होईल. मी ते मिरजेहून येताना रिक्षात बसून अक्षरशः डॉक्टर बाईंना सांगायची वाक्यं जुळवत होते. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली, फाइलवर लिहिलं. “छान केलंत. पण आपलं चाललंय तेच चालू ठेवायचंय.” एवढंच. नाव कळलं, आणि नाव कळून पोरीच्या पिशवीत लघवीचा एक थेंब वाढला नाही.

त्या दिवसांतलं सगळ्यांत वाईट पाणीच होतं. पोरगी शुद्धीवर होती. तिला दिवसाला मोजून थोडंसं पाणी मिळायचं, तेही चमच्यानं. ती झाकणाच्या आवाजानं डोळे उघडायची. नर्स दुसऱ्या कुणाला पाणी देत असली तर तिची नजर त्या पेल्याबरोबर फिरायची. भावजय तिच्या ओठांवर ओला कापूस फिरवायची, आणि पोरगी तो कापूस दातांत धरून चोखायची. सोडायची नाही.

“आई, घागर,” ती एकदा म्हणाली. “घागरीतलं.”

भावजय तोंडात पदर कोंबून बाहेर गेली.

दवाखान्यातल्या चौथ्या दिवशी दुपारी तिला झटका आला. डोळे वर, हात-पाय ताठ. नर्सनी आम्हाला बाहेर काढलं. दाराच्या काचेतून मला फक्त डॉक्टर बाईंची पाठ दिसत होती. भाऊ व्हरांड्यात उकिडवा बसून फरशीवर बोटानं रेघा ओढत होता. तो म्हणाला, “आमी समद्यांनी तेच दूद प्यालं की आक्का. त्याच शेळीचं. कच्चंच. आपुन ल्हानपनी सुदीक पीत हुतो. आचळातनं थेट तोंडात.”

“व्हय.”

“मग हिलाच का?”

महिन्याभरापूर्वी त्याची शेळी व्याली होती. एक करडू अशक्त होतं. पोरगी त्याला मांडीवर घेऊन बसायची, त्याच्या तोंडात बोट घालायची, तेच बोट स्वतःच्या तोंडात. शेळ्या-मेंढ्यांना, गाईगुरांना ही जात काही करत नाही. त्यांच्या आतड्यात ती सुखानं राहते आणि लेंड्यांतून बाहेर पडते. मोठ्या माणसाला कधी नुसतं दोन दिवस पोट बिघडतं, कधी तेही नाही. दूध असेल, करडू असेल, टाकीच्या तोंडाशी मेंढरं बसतात ते पाणी असेल. नंतर आरोग्य खात्याची माणसं येऊन टाकीचा नमुना घेऊन गेली. ‘पिण्यास अयोग्य’ असा निकाल आला. तो तर दर वर्षीच येतो. कुठून आला ते शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या व्हरांड्यात मी भावाला सिरपचं सांगितलं. म्हटलं, कदाचित त्या औषधानं जास्त झालं असेल. नक्की कुणीच सांगू शकत नाही, पण मी द्यायला नको होतं, आणि तू डॉक्टरला दाखवू का विचारलंस तेव्हा हो म्हणायला पाहिजे होतं.

तो माझ्याकडे बघत राहिला. रागानं नाही. समजत नसल्यासारखा. जणू मी दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत होते.

भावजय खांबाशी उभी होती. ती मला दिसली नव्हती. ती पुढे आली.

“तुमाला नक्की ठावं न्हवतं?”

“न्हवतं.”

“मग सांगितलं कशाला?” तिचा आवाज चढला नाही. “आमाला तर कायबी ठावं न्हाई. आमी जतला गेलो असतो. न्हाईतर अजून कुठं. तुमी सांगितलं म्हून गेलो न्हाई. समदी वस्ती तुमाला इचारती. तुमाला ठावं नसलं तर न्हाई म्हनायचं की वो.”

भाऊ तिला म्हणाला, “गप गं,” पण त्याच्या सांगण्यात जोर नव्हता. ती जाऊन दाराच्या काचेशी उभी राहिली. पुढचे पाच-सहा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी डबा आणला की तो उघडायची, भावाला वाढायची, स्वतः दुसऱ्या बाईच्या डब्यातलं खायची.

झटका पुन्हा आला नाही. रक्त दोनदा दिलं. मी रोज सकाळी लॅब उघडण्याआधी दवाखान्यात जायची, पलंगाला अडकवलेल्या लघवीच्या पिशवीकडे बघायची आणि जायची. पिशवी आतून कोरडी. प्लास्टिकच्या घड्या एकमेकींना चिकटलेल्या. लॅबमध्ये दिवसभर इतरांच्या लघवीच्या बाटल्या हाताखालून जायच्या, भरलेल्या, सांडलेल्या, काही लोक तर अर्धा लिटर आणून देतात. मला त्या बाटल्यांचा राग यायला लागला. कधी कधी मी स्लाइडवर डोळा ठेवून बसायची आणि मनात देवाशी नाही, त्या जंतूशी बोलायची. सोड तिला. आता काय राहिलंय तुझं तिथं.

खरं तर तो केव्हाच गेलेला होता. चौथ्या दिवसानंतर मिरजेला पाठवलेल्या नमुन्यांत फिके ठिपके उगवलेच नाहीत. जंतू निघून गेला, विष आपलं काम करून बसलं, आणि आम्ही एका रिकाम्या पिशवीकडे बघत होतो.

बाराव्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा भावजय पलंगाशी गुडघ्यांवर बसलेली होती. तिचं डोकं जवळजवळ फरशीला टेकलं होतं. मला वाटलं संपलं. मी भिंत धरली.

तिनं मागं वळून पाहिलं. “वन्सं, हिकडं या. हे बगा. हे हाय का?”

नळीच्या वळणात चहाच्या रंगाचा एक पट्टा होता. बोटभर. मी वाकले, नळी उचलली, उजेडाकडे धरली. पट्टा सरकला आणि पिशवीत पडला. त्याच्यामागून दुसरा आला.

“हाय,” मी म्हटलं.

तिनं माझा हात धरला. धरला म्हणजे दाबला, हाडं दुखेपर्यंत. मग सोडला. आम्ही दोघी तिथंच फरशीवर बसून पिशवीकडे बघत राहिलो. नर्स आली आणि तिनं आम्हाला उठवलं.

त्यानंतर दिवसाला जरा जरा वाढत गेलं. पोटातली नळी काढली. पाणी वाढवलं. पहिला पूर्ण पेला मिळाला तेव्हा पोरगी तो दोन्ही हातांनी धरून अर्धा प्यायली आणि उरलेला उशाशी लपवून ठेवला. चोविसाव्या दिवशी घरी सोडलं. पुण्याचा रिपोर्ट त्यानंतर आला. विषाचं जनुक आढळलं. मी तो फाइलला लावला.

ती बरी झाली असं सगळे म्हणतात. वस्तीवर पेढे वाटले. ती आता शाळेत जाते, पळते, भांडते. पण मूत्रपिंडाच्या काही गाळण्या कायमच्या गेल्या. लघवीतून प्रथिनं जातात, रक्तदाब वाढतो, रोज एक गोळी घ्यावी लागते. दर तीन महिन्यांनी तिला सांगलीला आणतात. तिची लघवी मीच तपासते. पट्टी बुडवायची, काही क्षण थांबायचं, आणि पिवळा रंग हिरवटाकडे वळतो का बघायचं. वळतो. कधी कमी, कधी जास्त. मी जसा वळेल तसा लिहिते.

वस्तीवरून मला फोन अजून येतात. मी लक्षणं ऐकून घेत नाही. जतला जा म्हणते, आणि लोकांना वाटतं मी आता मोठी झाले, त्यांना मोजत नाही. भावजय माझ्याशी बोलते, जेवढं लागतं तेवढं. दूध आता उकळून घेतात. करडू मोठं झालं आणि बाजारात गेलं.

मागच्या खेपेला डॉक्टर बाईंनी भावाला समोर बसवून सगळं सांगितलं. मूत्रपिंडं आहेत तशी पुष्कळ वर्षं चालतील, किंवा ती वयात येताना कमी पडायला लागतील. आत्ता सांगता येत नाही. भावानं शांतपणे ऐकलं. बाहेर आल्यावर पोरगी आणि तिची आई स्टँडकडे पुढं गेल्या. भाऊ मागं राहिला आणि खिशातून घडी घातलेला एक कागद काढला. त्यानं जतला जाऊन स्वतःचा रक्तगट तपासून घेतला होता.

“आक्का, हे जुळतंया का बग तिच्यासंगं.”

जुळत होतं. मी सांगितलं, मूत्रपिंड द्यायला नुसता गट जुळून भागत नाही, आणखी पुष्कळ तपासण्या असतात, आणि अजून तशी वेळ आलेली नाही, कदाचित येणारही नाही.

“व्हय,” तो म्हणाला. “पर माझं वय वाढत जानार की. म्हून इचारलं.” त्यानं कागद परत घडी घालून खिशात ठेवला आणि जतची गाडी लागलीय का बघायला भराभर चालायला लागला.